हरल्यानंतरचा सामना





सहामाही परीक्षेच्या आधीची गोष्ट. नववीतल्या एका विद्यार्थ्याची गणिताची वही वर्गशिक्षिकेने आमच्या टेबलावर आणून ठेवली. मागच्या पानांवर गणिते नव्हती. नीट पट्टीने रकाने आखले होते. डाव्या बाजूला दहा परकी नावे, त्यांच्यासमोर जिंकलेले आणि हरलेले सामने, तारखा, आणि खाली लाल शाईने काढलेले बाण. “सर, तास चालू असताना हा मुलगा हेच करत बसतो,” अशी बाईंची तक्रार होती. आम्ही मुलाला बोलावले, आधी रागावलो आणि मग विचारले. हा क्रम उलटा हवा होता, हे आम्हाला नंतर कळले.

तो तक्ता दक्षिण कोरियातल्या एका लीगचा होता. खेळाचे नाव ‘लीग ऑफ लेजंड्स’. संगणकावर खेळायचा खेळ. पाच जणांचा एक संघ, समोर पाच जणांचा दुसरा, आणि जो दुसऱ्याचा तळ आधी पाडेल तो जिंकला. कोरियातल्या या स्पर्धेला ‘एलसीके’ म्हणतात. ती २०१२ साली सुरू झाली.

“अरे, मोबाइल-कॉम्प्युटरचा खेळ तो. त्याला कसले आले वेळापत्रक?” आम्ही म्हणालो.

“सर, वेळापत्रकच तर आहे. तेच लिहिलंय,” तो हळूच म्हणाला.

पुढचा अर्धा तास तो बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. नंतरच्या रविवारी आम्ही स्वतः बसून वाचले, मुलाने सांगितलेले ताडून पाहिले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. त्यातून आपल्या शाळेला एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, असे आमचे मत झाले आहे.

२०२५ चा हंगाम घेऊ. संघ दहा. वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी-फेब्रुवारीत, एक छोटी चषक स्पर्धा झाली. तिच्यात पाच-पाच संघांचे दोन गट पाडले होते. एप्रिलपासून खरी लीग सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येक संघ उरलेल्या नऊ संघांशी दोनदा खेळला. म्हणजे प्रत्येकाचे १८ सामने, आणि सगळे मिळून ९०. बुधवार ते रविवार, रोज दोन सामने. आठवड्याला दहा सामने म्हणजे नऊ आठवडे झाले. सातवीच्या मुलांनी हा हिशोब वहीत करून पाहावा, अगदी बरोबर जुळतो.

या नऊ आठवड्यांनंतर वरच्या सहा संघांमध्ये वेगळे सामने होऊन दोन संघ निवडले गेले. ते जूनच्या अखेरीस कॅनडातील व्हँकुव्हरला मधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी गेले. ते परत आल्यावर जुलैत लीग पुन्हा सुरू झाली, पण आता रचना बदलली. गुणतक्त्यातले वरचे पाच संघ एका गटात, खालचे पाच दुसऱ्या गटात. प्रत्येक संघ आपल्या गटातल्या चौघांशी तीन-तीनदा खेळला, म्हणजे आणखी १२ सामने. १८ आणि १२ मिळून ३०. लीगचे एकूण सामने १५०.

आता प्रश्न असा पडतो, की खालच्या गटातल्या संघांनी खेळायचे तरी कशासाठी? आम्हीही मुलाला हेच विचारले. त्याने लाल बाण दाखवले. वरच्या गटातले पहिले चार संघ सरळ बाद फेरीत गेले. वरच्या गटातला पाचवा संघ आणि खालच्या गटातले पहिले तीन, अशा चौघांना आणखी एक संधी होती. त्यातले दोन पुढे जाणार होते. म्हणजे अर्धे वर्ष वाईट गेलेल्या संघालाही ऑगस्टमध्ये मन लावून खेळावे असे काहीतरी उरले होते. पुढे बाद फेरीतसुद्धा पराभव झाला की सगळेच संपत नाही. वरून खाली यावे लागते आणि पुन्हा चढावे लागते.

या रचनेतही नियम मोठे गमतीचे आहेत. एका लढतीत तीन डाव असतात. दोन जिंकले की लढत जिंकली. २०२५ पासून असा नियम केला, की एका डावात जे पात्र एखाद्याने वापरले ते त्या लढतीच्या पुढच्या डावात कोणालाच वापरता येणार नाही. एकच धडा पाठ करून आलेल्याची पंचाईत होते. शिवाय हा खेळ तयार करणारी कंपनी साधारण दर दोन आठवड्यांनी खेळात लहानमोठे बदल करते. कालपर्यंत जोरात असलेली युक्ती आज चालेनाशी होते. वर्षाच्या मध्येच अभ्यासक्रम बदलला तर आपली काय धांदल उडेल याची कल्पना करा. ही मुले ते हंगामभर सांभाळतात.

ही रचना पहिल्या दिवसापासून अशी नव्हती. सुरुवातीची वर्षे तिथेही आधी गट आणि मग बाद पद्धत असे चाले. जो संघ लवकर हरला त्याला पुढच्या स्पर्धेपर्यंत काम नसे. २०१४ नंतर कोरियातले अनेक चांगले खेळाडू चीनच्या संघांकडे गेले, आणि २०१५ पासून आयोजकांनी लीगची पद्धत आणली. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे. २०२१ मध्ये दहा संघांच्या जागा कायम केल्या. त्याआधी तळाचा संघ खालच्या लीगमध्ये घसरत असे आणि खालचा वर येत असे. ते बंद झाले. संघांना स्थैर्य मिळाले आणि प्रत्येक संघाने तरुण खेळाडूंचा दुसरा संघ बांधला. पण बाहेरच्या एखाद्या नव्या संघाला केवळ जिंकत जिंकत वर येण्याची वाट राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. कोणत्याही रचनेत कोणाला तरी सुरक्षितता मिळते आणि कोणासाठी तरी दार बंद होते. संस्था चालवणाऱ्या आपणा सर्वांना हे नवीन नाही.

हे सगळे समजावून झाल्यावर तो मुलगा जे बोलला त्यासाठी हा लेख लिहीत आहोत. वही मिटता मिटता तो म्हणाला, “सर, त्यांच्यात हरलेल्या संघाला त्याच आठवड्यात नाहीतर पुढच्या आठवड्यात परत सामना असतो. आपल्याकडे नसतो.”

आम्हाला लगेच समजले नाही. मग आठवले. गेल्या वर्षी हा मुलगा आठवी ब च्या खो-खो संघाचा कप्तान होता. जुलैपासून त्याने मुले जमवली, मधल्या सुट्टीत सराव घेतला. क्रीडा महोत्सवात त्यांचा पहिलाच सामना दहावीशी पडला. सकाळी साडेनऊला सुरू झालेला सामना दहा वाजता संपला, आणि त्यांचे वर्षही संपले. उरलेले दोन दिवस ती मुले पायऱ्यांवर बसून होती. कोणी पाणी वाटत होते, कोणी चुना आखत होते. बक्षीस समारंभात आम्ही भाषण केले, “हार-जीत महत्त्वाची नाही, सहभाग महत्त्वाचा.” टाळ्या पडल्या. पण सहभाग अर्ध्या तासाचाच होता, हे त्या टाळ्यांत आम्हाला दिसले नाही.

साधे गणित आहे. बाद पद्धतीत दहा संघ असतील तर नऊ सामन्यांत निकाल लागतो, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो. आयोजकांना हे सोयीचे. वेळ कमी, मैदान कमी, शिक्षकांची धावपळ कमी. पण पहिल्या पराभवातून मूल काय शिकले हे दाखवायला दुसरा सामनाच नसतो. वर्षानुवर्षे आम्ही हीच पद्धत चालवली, कारण आमच्या लहानपणीही तीच होती.

त्याच २०२५ च्या हंगामाचा शेवट फार बोलका आहे. लीगमध्ये ‘जेन.जी’ नावाचा संघ जवळजवळ अजिंक्य होता. पहिले अठराच्या अठरा सामने त्याने जिंकले आणि सप्टेंबरमध्ये विजेतेपदही पटकावले. ‘टी१’ हा दुसरा नामांकित संघ मात्र चौथा आला. चौथा म्हणून त्याला जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत थेट जागाही मिळाली नाही. आधी चीनच्या एका संघाला हरवून ती मिळवावी लागली. आणि ९ नोव्हेंबर २०२५ रोजी चीनमधील चेंगडू येथे जगज्जेता ठरला तो हाच टी१. अंतिम सामन्यात समोर होता कोरियाचाच तिसरा संघ, ‘केटी रोल्स्टर’. बाद पद्धतीने वर्ष मोजले असते तर हे दोन्ही संघ केव्हाच घरी बसले असते.

आता पालकांशी थोडे. टी१ चा कप्तान ‘फेकर’ या नावाने ओळखला जातो. १९९६ चा जन्म. त्याने शाळा अर्धवट सोडली, २०१३ मध्ये हा संघ धरला आणि सहा वेळा जगज्जेता झाला. मुले हे उदाहरण देतात, आणि ते खोटे नाही. आम्ही त्या मुलाला एवढेच म्हणालो, “अरे, तूच हिशोब कर. दहा संघ, प्रत्येकी पाच खुर्च्या. साऱ्या देशाच्या पहिल्या लीगमध्ये एकूण किती जागा?” तो म्हणाला, “पन्नास.” थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “आणि त्यातल्या रिकाम्या किती, तेही बघायला पाहिजे.” उत्तर त्याने स्वतःच काढले. आम्हाला उपदेश करावा लागला नाही.

आणखी एक. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्यातही हा फरक केला आहे. पहिल्यावर बंदी, दुसऱ्याला खेळ म्हणून मान्यता. घरात मूल स्क्रीनसमोर दिसले की ते नेमके काय करते आहे, एवढे विचारून घ्यावे. रागवायचेच असेल तर नंतरही रागावता येते. आमच्या अनुभवावरून सांगतो.

आता विश्वस्त मंडळींना विनंती. या वर्षी आठवी ते दहावीच्या अ आणि ब तुकड्यांची खो-खो स्पर्धा लीग पद्धतीने घ्यावी असे आम्ही ठरवले आहे. संघ सहा. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे म्हणजे १५ सामने. पाच शनिवार, दर शनिवारी शाळा सुटल्यावर तीन सामने. प्रत्येक संघाला दर शनिवारी एक सामना मिळेल. दहावीच्या अभ्यासाची काळजी असणाऱ्या पालकांना खात्री देतो, की डिसेंबरच्या मध्यापर्यंत सर्व आटोपेल. वेगळा खर्च नाही. लागेल ते फक्त पाच शनिवारचे मैदान आणि तुमची संमती.

वेळापत्रक आखण्याचे काम आम्ही त्याच विद्यार्थ्याकडे दिले आहे. अट दोनच, गणिताच्या वहीत नाही आणि तास चालू असताना नाही. त्याने कार्डशीटवर तक्ता करून कार्यालयाबाहेर लावला आहे. जाता-येता मुले तिथे थांबतात. पहिल्या शनिवारी नववी ब चा सामना पुन्हा दहावीशीच आहे. आम्ही सहज म्हणालो, “अरे, हा सामना तू शेवटी ठेवू शकला असतास.”

तो म्हणाला, “असू दे सर. हरलो तर पुढे चार शनिवार आहेत.”

सर्वांनी मैदानावर अवश्य यावे.

आपले स्नेहांकित,
मुख्याध्यापक