डिस्प्लेवर १२.६ आणि नोझलला थेंब नाही



पावट्याला फुलं लागली आणि पाठोपाठ काळा मावा पण आला. शेंड्याची कोवळी काडी काळी, चिकट दिसायला लागली की समजायचं, आता आज-उद्या करून चालत नाही. फुलात मधमाश्या होत्या म्हणून कडक औषध नको वाटलं. रात्री निंबोळी पावडर भिजत घातली होती, पहाटे गाळून ५ टक्क्यांचा अर्क तयार केला. बॅटरी पंप पाठीला अडकवला, बटण दाबलं. डिस्प्लेवर झोकात आकडा आला, १२.६. मोटर एकदा घुर्र झाली आणि गप्प. नोझलला थेंब नाही.

निंबोळी अर्क उद्यावर ठेवता येत नाही, जोर जातो त्याचा. शेजाऱ्याचा जुना हातपंप मागून आणला आणि बारा गुंठे दांडा मारत फवारले. अजून खांदा बोलतोय.

हे सविस्तर लिहायचं कारण, असे पंप घेऊन लोक माझ्याकडं येतात आणि सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "अहो, डिस्प्लेवर बॅटरी फुल दाखवतीय की!" दाखवणारच. तो आकडा मोटर बंद असतानाचा आहे. बैल दावणीला बांधलेला असतो तेव्हा सगळेच बैल चांगले दिसतात, जू मानेवर ठेवल्यावर कळतं. दुपारी मी पंपाचं खालचं झाकण काढलं, मल्टिमीटरच्या दोन्ही पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावल्या आणि पोराला बटण दाबायला सांगितलं. १२.६ चे सरळ ८.९ झाले. बटण सोडलं की पुन्हा हळूहळू बारा. म्हणजे डिस्प्ले खोटं बोलत नव्हता, त्याला आपण प्रश्नच चुकीच्या वेळी विचारत होतो. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी भार असताना साडेदहाच्या खाली गेली की तिची ताकद संपली असं धरायचं.

चूक माझीच. आल्याचं शेवटचं फवारणं झाल्यावर पंप तसाच, अर्धा उतरलेला, शेडमध्ये टांगला होता. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग ती चार्ज घेतल्यासारखं करते पण घेत नाही. पंप ठेवून देताना पूर्ण चार्ज करून ठेवायचा आणि महिन्याला एकदा चार्जर लावायचा. हे मी दुसऱ्यांना दहा वेळा सांगितलंय.

याच्या उलटं पण होतं. पंप झकास चालतो आणि डिस्प्ले काळा. किंवा आकड्याची एखादी काडीच पेटत नाही, ८ चा ६ दिसतो. तेव्हा बॅटरी बदलायला पळू नका. त्या डिस्प्लेला दोन केसाएवढ्या वायरी असतात, त्यांच्या जोडावर हिरवा-पांढरा मेण धरतो. आपण बोर्डो आणि तांब्याची औषधं मारतो, टाकीचं झाकण गळतं, ते पाणी तिथंच उतरतं. जुन्या टूथब्रशनं घासायचं, कोरडं करायचं, जोड पुन्हा दाबून बसवायचा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर डिस्प्लेशिवाय पण पंप चालतो. तो मोजतो फक्त, चालवत नाही.

आता दुसरी गोष्ट. खरं तर हीच लिहायची होती, पंपाचं निमित्त.

मी मीटर हातात घेऊन बसलेलो असताना भाचा शेजारी येऊन उकिडवा बसला. ताई तासगावकडं दिलीय, द्राक्षबागायतदार घर. हा इंजिनिअरिंगला आहे. परीक्षा संपल्यावर किर्लोस्करवाडीला रेल्वेत बसून कोरेगावला उतरला, आठ दिवस मामाकडं. पहिल्या दिवसापासून पोरगं अस्वस्थ. जेवताना लक्ष नाही, उगाच चिडचिड, रात्री अंगणात येरझाऱ्या. मला वाटलं, पेपर अवघड गेले असतील.

"मामा, झालं असलं तर मीटर मला द्या की जरा."

"कशाला रं?"

खिशातनं बोटापेक्षा जाड, निळी-जांभळी डबी काढली. एका टोकाला चपटी नळी, पुढं इवलासा डिस्प्ले. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, पेनड्राइव्ह.

"पेनड्राइव्हला ओठ लावायची जागा कशाला लागती?"

मग हसला आणि खरं सांगितलं. वेप. ई-सिगारेट. चार्जिंगला लावली की डिस्प्ले एकदा झळकतो, मग बंद. खालचा दिवा लुकलुकतो आणि विझतो. तीन चार्जर बदलून झाले होते, दोन केबल बदलून झाल्या होत्या, आणि आदल्या रात्री स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून पण झाली होती.

मी हातात घेतली. खोटं कशाला सांगू, बिघाड समोर आला की मला राहवत नाही. बघितलं तर पंपाचंच धाकटं भावंड. पंपात मोटर, हिच्यात तापणारी बारीक तार. तार तापते, तिच्यापाशी भिजलेला कापूस असतो, त्यातल्या रसाची वाफ होते आणि ती हा ओढतो. बाकी बॅटरी, जोड, डिस्प्ले सगळं तेच. म्हणून शोधायची रीत पण तीच, बाहेरून आत. चार्जिंगच्या भोकात खिशातली लव आणि चिकट रस बसला होता, तो लाकडी काडीनं काढला. तरी डिस्प्ले मुका. मग सेलवर मीटर लावला. १.९.

इथं शिशाची आणि लिथियमची जात वेगळी होते. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, रिकामा झाला म्हणजे तीनच्या आसपास. त्याच्याही फार खाली गेला की आतलं तांबं सुटायला लागतं, आणि नंतर चार्ज करताना तेच आतल्या आत शॉर्ट करू शकतं. म्हणून त्यातली चिप चार्जिंग घ्यायला नकार देते आणि दिवा लुकलुकवते. भाच्याला वाटत होतं डिस्प्ले बिघडलाय. डिस्प्ले बिचारा शहाणपणा करत होता. शिवाय सेलचं पोट जरा फुगलं होतं, बोटाला लागत होतं.

मी म्हटलं, "गेला हा. आता याला चार्जिंग लावायचं नाही."

मी हात धुवायला हौदावर गेलो. दोन मिनिटं गेली नसतील. परत येतो तर गड्यानं पंपाच्या चार्जरच्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना धरलेल्या, आणि दुसरा हात भिंतीवरच्या बटणाकडं. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं म्हणे, मेलेला सेल दोन सेकंद झटका दिला की उठतो.

मंडळी, पंपाचा चार्जर चौदा व्होल्टच्या वर देतो. तो सेल ४.२ चा. आणि जिथं हा बसला होता तिथून चार हातांवर कडब्याची गंज. शेडला शाळूचा कडबा, आत दोन म्हशी आणि एक पारडू. लिथियमचा सेल पेटला की तो नुसता जळत नाही, पिचकारीसारखा फुटतो, आणि विझला असं वाटल्यावर पुन्हा पेटतो. मी ओरडलो ते घरातली सगळी बाहेर आली.

बटण दाबलेलं नव्हतं. वायरी काढल्या, सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावली, कोरड्या वाळूच्या बादलीत पुरला आणि बादली मोकळ्या अंगणात नेऊन ठेवली.

मग राग ओसरल्यावर विचारलं, दुकानात का नाही नेलं? म्हणतो, "कुठल्या दुकानात नेणार मामा? विकणाराच लपून विकतो." ते खरंय. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानं वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद. विकताना पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जी वस्तू चोरून आलीय तिला ना पावती, ना गॅरंटी, ना कुठला सेल घातलाय याची खात्री. पंपाला निदान बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेलं असतं.

डबीवर एक गोष्ट मात्र स्पष्ट छापलेली होती. निकोटिन ५%.

मी त्याला शेडमधल्या फळीपाशी नेलं. इमिडाक्लोप्रिडची बाटली दाखवली. म्हटलं, हे कुठल्या गटातलं औषध आहे वाच. निओनिकोटिनॉइड. नावातच निकोटिन आहे. तंबाखूतलं निकोटिन किड्याच्या नसांवर जिथं जाऊन बसतं, तिथंच हे बसतं. आणि खुद्द निकोटिन सल्फेट हे पूर्वी मावा-तुडतुड्यांवर मारायचं औषधच होतं, आपल्या देशात १९९२ पासून शेतीत वापरायला बंदी आहे. निपाणीकडं ओल्या तंबाखूत काम करणाऱ्या बायकांना विचार, पानाचा रस अंगाला लागून चक्कर आणि उलट्या कशा होतात. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. मी सकाळी माव्यावर पण ५ टक्केच मारलंय, पण ते निंबोळीचं, आणि ते मारताना पण तोंडाला फडकं बांधलं होतं.

पोरगं ऐकत होतं. मग माझ्या खिशाकडं बघून म्हणालं,

"मामा, तुमची चंची कुठं हाय?"

कुठं असणार. खिशातच. अठरा वर्षांची सवय, सकाळी चुना मळल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. मला काही बोलता आलं नाही. तो पण काही बोलला नाही. म्हशीची धार काढायची वेळ झाली होती.

रात्री अंगणात बसल्यावर मात्र बोलला. हॉस्टेलला सिगारेट सोडायची म्हणून हे घेतलं होतं, धुराचा वास नाही, घरी कळत नाही. सिगारेट संपली की संपते तरी, हिला शेवटच नाही, झोपेतनं उठून पण दोन झुरके. डबी बंद पडल्यापासून तीन दिवस डोकं ठणकतंय. मग मला कळलं, येरझाऱ्या पेपरच्या नव्हत्या. त्याला बिघडलेली डबी नको होती, उतरलेलं डोकं चार्ज करायचं होतं, म्हणून चौदा व्होल्टला हात घातला.

तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारची फुकट फोन लाइन आहे, १८००-११-२३५६. दुसऱ्या दिवशी बांधावर बसून त्यानं लावला. मी लांब जाऊन बसलो. त्याचं झाल्यावर फोन माझ्याकडं धरून म्हणाला, "घ्या, तुमचं पण विचारा." मी म्हटलं, नंतर. आज पाच दिवस झाले, अजून लावलेला नाही. चंची कपाटावर ठेवलीय, दोनदा उतरवली, एकदा तशीच परत ठेवली.

हे त्याला विचारूनच लिहितोय. ताईला त्यानं स्वतः फोनवर सांगितलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, मग मला फोन करून विचारलं, "आग लागली असती का रे दादा?" मी हो म्हटलं.

पंपाला नवी १२ व्होल्ट ८ अँपिअरची बॅटरी घातली. आता मोटर चालू असताना १२.१ च्या खाली येत नाही. पावट्यावर दुसरं फवारणं काल झालं, मावा बराच मोडलाय, ढालकिडे पण दिसले. जुनी बॅटरी दुकानदारानं वजनावर घेतली. बरोबर तो वाळूतला सेल पण नेला होता, तो बघून मात्र त्यानं हात मागं घेतला. घंटागाडीत टाकायचा नाही हे नक्की, कचऱ्यात दबला तर तिथं पेटेल. सध्या बादली अंगणातच आहे. साताऱ्यात असले सेल घेणारं ई-कचऱ्याचं केंद्र कुणाला माहीत असेल तर कळवा, येत्या बाजारी जाणार आहे.