माशीचा डोळा आणि माझा शेरा

माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे एकदम इंग्रजी. परवा रात्री पुस्तक घेऊन आली, "अम्मी, एवढं आपल्या भाषेत लावून बघू या." आम्ही दोघी बसलो.

फळमाशीचे डोळे लाल असतात. त्या रंगासाठी एक जनुक लागतं. ते बिघडलं की डोळा पांढरा. १९३० साली हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांच्या प्रयोगांतून मिळालेल्या अशा माश्यांची नोंद केली, ज्यांचे डोळे अर्धे लाल, अर्धे पांढरे, ठिपक्याठिपक्यांचे होते. जनुक तर शाबूत होतं. गुणसूत्राचा तुकडा तुटून उलटा जोडला गेला होता आणि ते जनुक घट्ट गुंडाळलेल्या भागाच्या शेजारी जाऊन बसलं होतं.

या घट्ट भागात हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर एक रासायनिक खूण असते. तिला दुसरं प्रथिन चिकटतं, ते खूण करणाऱ्या विकराला जवळ आणतं, आणि तो शेजारच्या हिस्टोनवर तीच खूण करतो. अशी घट्ट गुंडाळी पुढे सरकते. ज्या पेशीत ती जनुकापर्यंत पोचते तिथे ते गप्प होतं, आणि त्या पेशीपासून झालेल्या पेशींतही बहुतेक गप्पच राहतं. म्हणून ठिपके. तेच जनुक पुन्हा मोकळ्या भागात गेलं की रंग परत येतो.

मुलगी झोपायला गेली. मला मात्र सातवीतली एक मुलगी आठवत राहिली. मराठीच्या तासाला ती तोंड उघडायची नाही. नोंदवहीत मी लिहिलं होतं, 'आकलन कमी.' नंतर एकदा दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी तिला पाहिलं. दादीला काय होतंय, कधीपासून होतंय, कोणती गोळी चालू आहे, सगळं स्वच्छ मराठीत सांगत होती.

वर्गात ती 'ळ'ला 'ल' म्हणायची, मी थांबवायची. लिंग चुकलं, थांबवायची. मागच्या बाकांवर हसू यायचं. तेही मी चालवून घेतलं होतं.

मूल म्हणजे जनुक नव्हे, हे मला कळतं. आणि घट्ट भाग वाईटच असतो असंही नाही. पेशी विभागताना गुणसूत्रं नीट वाटली जावीत म्हणून तो लागतो, उड्या मारणाऱ्या जनुकांना तोच आवरतो. वर्गातही शिस्त लागते, शुद्ध बोलणंही शिकवावं लागतं. पण गप्प बसलेलं पाहून 'बिघडलेलं' असा शेरा मारायची घाई मी केली. तिच्या शेजारी काय होतं, ते पाहिलं नाही. शेजारी मीच होते.

ती आता आठवीत आहे. यंदा तिच्या नोंदीत मी लिहिलं, 'दवाखान्यात दादीची तक्रार मराठीत नीट सांगते.' आणि तासाला तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मी गप्प राहते.