सोमवारची ईद

2025 साली रमजान ईद सोमवारी आली, 31 मार्चला. आदल्या दिवशी, रविवारी, गुढीपाडवा होता. चंद्र दिसेल की नाही हे संध्याकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हते, पण अम्मीचा दोन दिवस आधीपासून एकच जप चालू होता, "सोमार येवक नको." मगरीबनंतर चंद्राची खबर आली. आम्ही अंगणात एकमेकांच्या गळ्यात पडलो, दुआ मागितली, आणि अम्मी पदराने डोळे टिपत म्हणाली, "इलोच मेलो सोमार!"

कट्ट्यात राहणाऱ्याला तिची अडचण सांगावी लागत नाही. आमच्या आजूबाजूच्या घरांत सोमवारी वशाट शिजत नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाण्याचे वार. ईद त्या वारी पडली की वडे-सागोती कितीही केली तरी कमीच. सोमवारी पडली की मटणाचे पातेले आमचे आम्हीच पुसायचे.

आमचे हिजरी वर्ष चंद्राचे, साधारण 354 दिवसांचे, त्यात अधिक महिना नाही. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. शेजाऱ्यांचे सण अधिक महिन्याच्या दोरीने ऋतूला बांधलेले असतात. त्यामुळे आमची ईद त्यांच्या एकेका सणाच्या दारावरून जाते. 2019 ची बकरी ईद तर थेट श्रावणी सोमवारी आली. त्याआधी 2011 साली 31 ऑगस्टला रमजान ईद होती आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. म्हणजे ईदच्याच दिवशी हरतालिका. आमचे महिन्याचे रोजे संपले आणि शेजारच्या काकीचा निर्जळी उपास सुरू झाला. ती सकाळी आमच्या खळ्यात येऊन बसली, खुर्म्याच्या टोपाकडे बघून म्हणाली, "आज तुमी खावा, मी बघतंय." महिनाभर आमच्या समोर पाण्याचा घोट घेताना तीच तोंड फिरवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घरून एकवीस मोदक आले. नैवेद्य दाखवून झाल्यावर पहिले ताट आमचे, असे तिच्या सुनेने सांगितले. खरे खोटे तीच जाणे, पण मोदक गरम होते.

खुर्म्यावरून एक आठवले. शीर म्हणजे फारसीत दूध, खुर्मा म्हणजे खजूर. उर्दू शिकवणाऱ्याची खोड, सांगितल्याशिवाय राहवत नाही. काकीकडे तांदळाचे शिरवाळे होतात, तेही नारळाच्या गोड रसात बुडवून खायचे. काकीचे म्हणणे, शिरवाळे आणि शिरखुर्मा हे भाव-भाव. शिरवाळ्यांतल्या 'शिर'चे फारसी 'शीर'शी नाते जोडायला आमचे व्याकरण धजत नाही. पण काकीला हे सांगण्याची हिंमत आमच्यात कुणाची नाही.

तर सोमवारच्या ईदला उरते काय, तर खुर्मा आणि सांदणे. सांदणे म्हटल्यावर रत्नागिरीकडच्या माणसाला फणसाची आठवतील. आमची ती नव्हेत. तांदूळ भिजवायचे, वाळवून त्यांचा रवा काढायचा, त्यात नारळाचे घट्ट दूध, साखर, चवीला मीठ आणि चिमूटभर यीस्ट घालून पीठ झाकून ठेवायचे. गोव्याकडे सान्ने फुगवायला माडाची सूर घालतात. आमच्या घरात तिचे नाव काढायची सोय नाही. पीठ वर आले की वाट्यांना तुपाचे बोट फिरवायचे, अर्ध्यापर्यंत भरायचे आणि वाफेवर ठेवायचे. अर्धे का, ते एकदा पूर्ण भरून बघितले की कळते. चांगले सांदण पांढरेशुभ्र, बोटाने दाबले तर परत वर येणारे. सकाळी नारळाच्या गोड रसाशी, दुपारी रश्शाशी. ज्याला सोमवार आहे त्याने सकाळचे खावे, ज्याला नाही त्याने दोन्ही.

आणि ही सांदणे आमच्याकडे वर्षानुवर्षे काकीच्या मोदकपात्रात होत आली. तांब्याचे, कल्हई केलेले, एका वेळी बावीस वाट्या मावणारे. आदल्या रात्री आमच्यातले कुणीतरी जाऊन ते घेऊन यायचे. तिच्या गणपतीचे मोदक त्यातच होतात, म्हणून ते घरात असेपर्यंत अम्मी मटण मागच्या चुलीवर, पडवीत शिजवायची. काकीने असे कधी सांगितले नव्हते. अम्मीनेही तिला कधी बोलून दाखवले नाही.

त्या वर्षी ते आणायला कुणी गेले नाही.

फेब्रुवारीत, 23 तारखेच्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर, मालवणात घोषणा दिल्याच्या आरोपावरून तक्रार झाली आणि दुसऱ्या दिवशी एका भंगारवाल्याचे दुकान बुलडोझरने पाडले गेले. तो आमच्या ओळखीचा नव्हता. पण टीव्हीवर ते बुलडोझर दिवसभर फिरत होते आणि खाली मालवणचे नाव होते. कट्ट्यात कुणी आम्हांला काही बोलले नाही. कुणी बोलले नाही हेच आम्ही मोजत बसलो. बाजारात कोण बोलता बोलता थांबले, कोणी सुट्टे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. खरे तर तो दुकानदार पहिल्यापासून फळीवरच ठेवतो. रोज्यात असल्या गोष्टी मनात आणू नयेत म्हणतात, आणि रोज्यातच त्या जास्त येतात.

चंद्ररात्री अम्मी म्हणाली, "आज त्यांचो पाडवो, पुरणाच्या गडबडीत असतीत. इडलीपात्रातच करूया." आम्ही माना हलवल्या. पाडव्याचे पुरण दुपारीच संपलेले असते हे आम्हां सगळ्यांना माहीत होते.

इडलीपात्रात सोळाच झाली, कडेला चिवट. मालवणहून नमाज पढून पुरुष माणसे परतली. दहाच्या सुमारास काकी आली. नेहमीसारखी मागच्या दाराने, हातात पाडव्याच्या पुरणपोळ्यांचे ताट. अम्मीच्या गळ्यात पडली. खुर्मा घेतला, त्यातला खजूर बाजूला काढला, कारण तो तिच्या दातांत अडकतो. मग सांदण हातात घेतले, दाबले, आणि तिची नजर ओट्यावरच्या इडलीपात्राकडे गेली.

"मोदकपात्र नेवक कोण येवक नाय तां?"

अम्मी काहीतरी पुटपुटली. पाडवा, गडबड, उशीर.

"मी काल चिंचेन घासून पायरेर ठेवलंय. राती धा वाजासर दिवो काढूक नाय भायरलो." आणि ती सांदण खाऊ लागली. संपवले. दुसरे मागितले नाही.

भांडली असती तर बरे झाले असते. अम्मी दिवसभर त्या इडलीपात्राला शिव्या घालत राहिली.

अब्बांचे एक शाळासोबती दर ईदला केळ्यांचा घड घेऊन येतात. अब्बा असरपर्यंत ओटीवर बसून होते, इस्त्रीच्या कुर्त्याला चुणी पडू नये म्हणून ताठ. दुपारी फोन आला, पाय दुखतत म्हणून. पाय त्यांचे दुखतातही. अब्बांनी विचारपूस केली, औषध सांगितले, फोन ठेवला, आणि आत येऊन मटण वाढायला सांगितले. बासी ईदलाही तेच मटण आम्ही खाल्ले, आणि बुधवारी, जेव्हा सगळ्यांचे वार मोकळे झाले, तेव्हा सोबती आले नाहीतच, पण काकीचा नातू डबा घेऊन आला आणि सागोती घेऊन गेला. "आजयेन सांगितल्यान, रस्सो जास्त घाला."

बकरी ईद 7 जूनला, शनिवारी आली. शुक्रवारी संध्याकाळी पावसाची झड थांबल्यावर आम्ही स्वतःच काकीच्या पायरीवर जाऊन उभे राहिलो. तिने आम्हांला बराच वेळ उभेच ठेवले. आतून भांड्यांचे आवाज येत होते. मग मोदकपात्र घेऊन बाहेर आली, झाकण घट्ट बसवलेले.

"आता याद इली?"

घरी येऊन अम्मीने झाकण उघडले. आत रतांबे होते, हंगामातले शेवटचे, वीस-पंचवीस, त्यातले दोन-तीन नासलेले. अम्मीने नासके वेचून काढले, बाकीच्यांना आगळासाठी मीठ लावले, मोदकपात्र पुन्हा घासले आणि मागची चूल पेटवायला सांगितली.