क्विंटलला सहा कमी

30 डिसेंबर 2024, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आंबिलीचं बिंदगं दरवर्षी मीच डोक्यावर घेऊन शेतात जातो. यंदा बांधापर्यंत नेलं आणि तिथून पुतण्याने काढून घेतलं. म्हणाला, "काका, तुमचा दम मला मागं ऐकू येतोय."

कोपीत पांडवांची पूजा झाली, पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, भरीत, खीर. मी खाली बसलो खरा, पण मांडी पडेना, पोट मध्ये येतं. एक पाय लांब केला तर तो भज्जीच्या पातेल्याला लागला. शेवटी कुणीतरी मोटारीच्या खोलीतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. आबा 79 वर्षांचे, मांडी घालून तिसरा उंडा मोडत होते. मी 45 चा, खुर्चीवर. अख्ख्या शिवारात ताट गुडघ्यावर घेऊन जेवणारा मी एकटाच. कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

1 जानेवारी 2025

आडत बंद झाल्यावर, सगळे गेले असं समजून, मोठ्या काट्यावर चढलो. अठरा वर्षं ह्या काट्यावर लोकांचा माल मोजून लिहितोय, स्वतः कधी उभा राहिलो नव्हतो. 94.300. चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्या काढल्या. 93.900.

पोत्यांच्या थप्पीआडून आमचा जुना हमाल बघत होता. "क्विंटलला सहा कमी, मुनीमजी. बारदान वजा धरायचं का?"

हिशेब मांडला. उंची 1.68 मीटर. वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं की 33 येतात. आपल्याकडच्या माणसाला 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. गोऱ्या लोकांना ह्यात सवलत आहे, आपल्याला नाही, कारण आपली चरबी आधी पोटावर बसते. शिंप्याची टेप आणून कंबर मोजली : 108. पुरुषाची 90 च्या आत हवी.

3 जानेवारी

आज दिवसभर फक्त चहा मोजले. शेतकरी माल घेऊन आला की चहा, पट्टी झाली की चहा, व्यापारी आला की चहा, कुणी नुसतंच डोकावलं तरी चहा. अकरा झाले. टपरीवाल्याला विचारलं, एका कपात साखर किती? दीड चमचा, म्हणजे सात ग्रॅम धरू. दिवसाची 77 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर 25 ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. महिन्याचे सव्वीस दिवस आडत धरली तर मी दोन किलो साखर नुसती पिऊन टाकतो. घरच्या किराण्याच्या यादीत ती कधी आलीच नाही, म्हणून दिसली नाही.

अकरांतला एकही चहा मी तलफ आली म्हणून घेतला नव्हता.

6 जानेवारी

चहा बंद करणं वाटलं तेवढं सोपं नाही. नको म्हटलं की माणूस विचारतो, "का, आमच्या चहाला काय झालं?" आज उदतपूरचे एक म्हातारे माल मोजून झाल्यावर चहा सांगून बसले आणि मी नको म्हणालो, तर त्यांना वाटलं भाव पाडून लिहिलाय म्हणून मी तोंड चुकवतोय. मग घेतला. शेवटी टपरीवाल्याशी ठरवलं : माझा कप बिनसाखरेचा आणि अर्धा. कप हातात दिसतो, समोरच्याचा मान राहतो. पहिला कप काढा प्यायल्यासारखा लागला.

11 जानेवारी

आडतीत आज दोन पार्ट्या पडल्या. आपल्या शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जगन्नाथ दीक्षित प्राध्यापक होते. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार धरून त्यांनी सांगितलं, कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा आणि रोज 45 मिनिटं चाला. पैसे लागत नाहीत म्हणून हे आमच्या भागात गावोगाव पोचलं. दुसरी पार्टी ऋजुता दिवेकरांची : घरचं, आपल्या मातीतलं खा, थोडं थोडं खा, उपाशी राहू नका. एक व्यापारी दीक्षितांचा, त्याने आठ महिन्यांत चौदा किलो उतरवले. दुसऱ्याने तेच केलं आणि दोन जेवणांत चार जेवणांचं खाल्लं.

मी ऐकत होतो. वाद घालणाऱ्या दोघांच्या मध्ये भज्यांची ताटली होती आणि ती दोघांनी मिळून संपवली.

माझं मत असं की दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखीच आहे : भूक नसताना असं येताजाता खाणं दोघांनाही नको आहे. मला दोन जेवणं जमण्यासारखी वाटतात, कारण आडतीत तसंही एकदाच उठायला मिळतं. दीक्षितही आधी रक्त तपासून घ्या म्हणतात. तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.1. डॉक्टर म्हणाले, 5.7 च्या खाली हवा होता, 6.5 ला मधुमेह म्हणतात. तुम्ही उंबऱ्यावर आहात. गोळी लिहिली नाही, एप्रिलमध्ये परत या म्हणाले.

14 जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचे एकूण नऊ लाडू, मोजून. लिहून ठेवतो, लपवून काय करायचं.

31 जानेवारी

91.2. महिन्यात दोन किलो सातशे! घरी सांगितलं, आबांना सांगितलं, हमालालाही सांगितलं.

17 फेब्रुवारी

अडीच आठवड्यांत काटा हललेला नाही. 91.2, 91.4, 91.1. वैतागलो. मग सोयाबीनच्या ओलाव्याचा हिशेब करताना डोक्यात उजेड पडला. सोळा टक्के ओलाव्याचा क्विंटलभर माल वाळवून बारा टक्क्यांवर आणला तर साडेचार किलो घटतो. दाणा तेवढाच, गेलं ते पाणी. माणसाचंही तसंच. खाणं कमी केलं की शरीर आधी साठवलेली साखर काढतं आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणी जातं. जानेवारीत माझा ओलावा गेला. दाणा, म्हणजे चरबी, आत्ता कुठे सुरू होतेय. किलोभर चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात आणि माझ्यासारख्याचं पाऊण तासाचं चालणं दोनशेच्या आसपास खातं. नुसतं चालून किलो घालवायला सव्वा महिना. एवढं साधं गणित मुनीम असून आधी केलं नाही.

24 फेब्रुवारी

काल पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणावर बोलताना खाण्यातलं तेल दहा टक्के कमी करा म्हणून सांगितलं. बायकोने लगेच विचारलं, "दहा टक्के कशाचे? आपण किती खातो ते कुठं ठाऊक आहे?" बरोबर बोलली. बसून काढलं. पंधरा किलोचा डबा आम्हा पाच माणसांना दोन महिने पुरतो. माणशी रोज पन्नास ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला 25 पुरतं. म्हणजे दहाने भागणार नाही, निम्मं करायला हवं.

आबा म्हणाले, त्यांच्या लहानपणी घरची करडई घाण्यावर न्यायची आणि आलेलं तेल आजी पळीने मोजून द्यायची. आता शिवारात करडई शोधावी लागते आणि डबा उघडाच असतो. बायकोने आज डब्यावर तारीख लिहिली. फोडणीची पळी बदलून चमचा आणला. पहिल्याच दिवशी पिठल्याला चव नाही म्हणून मुलगा कुरकुरला, त्याच्या ताटात वरून शेंगदाण्याची चटणी वाढली गेली. तीही तेलाचीच, पण मी गप्प राहिलो.

20 मार्च

पहाटे चालायला जाणं बारा वेळा सुरू केलं आणि बारा वेळा सुटलं. कारणं : कुत्री, लग्नाची वरात, पाठ, कंटाळा. शिवाय रस्त्यावर भेटणारा प्रत्येक जण गाडी थांबवून "बसा, सोडतो" म्हणतो. उगाच चालतोय असं सांगितलं की त्याला माझी काळजी वाटते.

आता वेगळं केलं. मोटारसायकलची किल्ली मुलाला दिली. घर ते आडत एक किलोमीटर चारशे मीटर. सकाळी जाणं, दुपारी जेवायला येणं, परत जाणं, संध्याकाळी येणं. साडेपाच किलोमीटर होतात आणि कामाला निघालोय म्हटल्यावर कुणी काही विचारत नाही. गाडीच नाही म्हटल्यावर टाळायचं तरी कसं?

27 एप्रिल

ऊन मरणाचं. दुपारची फेरी बंद करून डबा न्यायला लागलो. साखरेचा आकडा 5.9. वजन 88.6.

सुट्टीत पुतण्याने एक गंमत सांगितली आणि त्याच्या मोबाइलवर वाचूनही दाखवली. विल्यम बँटिंग नावाचा लंडनचा माणूस, धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. एवढा जाड की बुटाची नाडी बांधता येईना. साखर, पाव, बिअर, बटाटे सोडून वर्षभरात वीस-एकवीस किलो उतरला आणि 1863 मध्ये त्याने त्यावर स्वखर्चाने पुस्तिका छापली. ती इतकी चालली की स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला अजून त्याच्याच नावावरून 'बांटा' म्हणतात. वय होतं साठीच्या पुढे. वाचून मला नाडीचंच नवल वाटलं. मी गेली सहा वर्षं चपला का घालतो, हे त्या दिवशी मलाच कळलं.

22 मे

लग्नाची पंगत. बुंदी वाढणारा ओळखीचा निघाला की काही खरं नाही. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढली. वधूपित्याने स्वतः येऊन एक घास भरवला, तो कसा नाकारणार? पण एक शिकलो : ताटात भाजी आणि वरण शिल्लक ठेवायचं. ताट रिकामं दिसलं की वाढपी धावतो, भरलेलं दिसलं की पुढे जातो.

7 जुलै

काल आषाढी होती. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कुणीतरी आमच्या घरात बसूनच केली असावी. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा चिवडा. आज सातशे ग्रॅम वर. आईला म्हणालो, पुढच्या वेळी नुसती भगर कर. ती म्हणाली, "उपास देवाचा आहे, तुझ्या पोटाचा नाही."

24 सप्टेंबर

सलग पाऊस. परंड्याकडे पुरात अडकलेली माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. इकडेही सोयाबीन उभ्या जागी पाण्यात आहे. शेंगेत दाणे उगवले. यंदाचा हमीभाव 5,328 रुपये, पण काळा पडलेला माल त्या भावाने कोण घेणार? आज एक शेतकरी नुसती मूठभर शेंग घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि बसून राहिला. मी चहा सांगितला. दोन, साखरेचे. त्याच्याबरोबर मीही प्यालो. ज्याचं वर्षाचं पीक कुजलंय त्याच्यासमोर बिनसाखरेचा अर्धा कप मागायची मला लाज वाटली.

घरी येऊन भूक नसताना जेवलो, चांगल्या तीन भाकरी. गेले दहा दिवस काट्यावर चढलेलो नाही.

30 सप्टेंबर

तीन छप्पन्नला जाग आली. आमच्या वयाच्या माणसांना ह्या तारखेला येतेच. 1993 चा भूकंप. गणपती बोळवून लोक झोपले होते. मामाचं गाव सास्तूर. मी चौदा वर्षांचा, काडीसारखा. दोन दिवस माळवदाची माती आणि दगड उपसत होतो, दमल्याचं आठवत नाही.

मामी तेवढी वाचली. नवं गाव बसलं तेव्हा रस्ते रुंद, घरं लांब लांब. ती अजून म्हणते, पहिल्या गावात भिंतीवरून वाटी देता यायची, आता वाटीभर साखरेला अर्धा गाव तुडवावा लागतो. ऐंशीच्या घरात आहे, वजन पन्नासही भरणार नाही. उजाडल्यावर तिच्याकडे जाऊन आलो. तिने माझ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "वाळलास का रं? दुखणं-बिखणं न्हाई ना?" नऊ महिन्यांत मिळालेली ही पहिली पावती आणि तीही काळजीची.

संध्याकाळी काट्यावर चढलो. 85.8. महिन्यात सव्वा किलो वर आलंय. पुन्हा अर्ध्या कपावर.

23 ऑक्टोबर

भाऊबीज. बहिणीने शंकरपाळ्यांचा डबा बांधून दिला. हमालाच्या पोरांना दिला. हमाल म्हणाला, "तुमच्या वजनाचं आम्ही वाटून घेतो, मुनीमजी." त्याचं वजन मीच मागं केलं होतं, 51. साठ किलोची पोती पाठीवर वाहून 51. ह्या वहीत त्याचा आकडा लिहिताना माझा आकडा लिहायचं मन होत नाही.

4 डिसेंबर

दत्तजयंती. 82.1, कंबर 97. अजून लठ्ठच म्हणतात ह्याला, पण साखरेचा आकडा 5.6 आला. ह्या वर्षात जे टिकलं ते एवढंच : अर्धा कप, तारीख लिहिलेला तेलाचा डबा आणि मुलाकडे असलेली किल्ली. पहाटेचं चालणं काही शेवटपर्यंत जमलं नाही.

येळवस पंधरा दिवसांवर आली. आज जेवताना चटईवर बसून पाहिलं. मांडी पडली, उठताना मात्र भिंतीचा आधार लागला. शेतात भिंत नाही, पुतण्याला शेजारी बसवणार आहे. बिंदगं मीच नेणार असं आबांना सांगितलंय. खुर्ची मोटारीच्या खोलीत अजून आहे, ती काढू नका म्हणालेत आबा, त्यांना लागेल.