सहा मीटरच्या रेषेवर

हँडबॉलच्या मैदानावर एक खेळाडू जवळपास सगळा वेळ गोलकडे पाठ करून उभा असतो. समोर आपले पाच सोबती चेंडू फिरवत असतात, पाठीमागे सहा मीटरच्या रेषेने आखलेला डी, आणि दोन्ही अंगांना त्याला रेटणारे, जर्सी खेचणारे बचावपटू. हा पिव्होट. चेंडू हातात आला की एका पायावर गिरकी घेऊन डीमध्ये झेप घ्यायची आणि जमिनीला टेकण्याआधी चेंडू सोडायचा, हे त्याचं दिसणारं काम. न दिसणारं काम कितीतरी मोठं आहे. बचावाच्या भिंतीत स्वतःचं अंग घालून ती हात-दीड हात सरकवायची, म्हणजे नऊ मीटरवरून धावत येणाऱ्या बॅकला फट मिळते. गोल लागतो तो बॅकच्या नावावर.

शाळेत मी याच जागेवर खेळायचे. अंगाने दणकट म्हणून सरांनी मला तिथे उभं केलं होतं. फक्कीने आखलेली सहा मीटरची रेघ पहिल्या हाफमध्येच पुसली जायची आणि पुढचा सामना पंचांच्या नजरेवर चालायचा. घरी आलं की एकच विचारणा, किती गोल केलेस? एक, कधी शून्य. खांदे काळेनिळे कशाने झाले, हे कुणी विचारत नसे. विचारलं असतं तरी त्या वयात मला ते नीट सांगता आलं नसतं.

आता मी एक हँडबॉल संघ चालवते, पण तो इंटरनेटवरचा आहे. ब्राउझरमध्ये चालणारा व्यवस्थापनाचा खेळ. यात धावणं नाही, बटणं दाबून चेंडू फेकणं नाही. संघ निवडायचा, सराव कशाचा ते ठरवायचं, करार करायचे, तिकिटाचे दर लावायचे, बाजारात बोली लावायची आणि सामन्याआधी डावपेच पाठवून द्यायचे. पुढचं सगळं सर्व्हरच्या हाती. हा सर्व्हर युरोपच्या घड्याळावर चालतो. तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ झालेले असतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचे काटे सरकतात, तसा माझा जेवणानंतरचा तास सरकतो. भारतातून खेळणारे मोजकेच आहेत. माझ्या संघातल्या पोरांची नावं संगणकाने जुळवलेली, कुणाचं नाव पंजाबी तर आडनाव मल्याळी. त्यांना चेहरे नाहीत. प्रत्येकाच्या नावापुढे आकड्यांची एक ओळ असते: नेम, अडवणूक, पास, तंत्र, वेग, आक्रमकता. वर वय, अनुभव आणि अंगात उरलेली ताकद.

हे आकडे वाचता येऊ लागले आणि मला माझी शाळेतली जागा पहिल्यांदा बाहेरून दिसली.

सामना संपला की अहवाल येतो. कुणी किती गोल केले, कुणाचे सात मीटरचे पेनल्टी फटके वाया गेले, कोण दोन मिनिटांसाठी बाहेर गेला. हँडबॉलमध्ये एकेका संघाचे पंचवीस-तीस गोल सहज होतात, त्यामुळे अहवाल गोलांनीच भरलेला असतो. माझ्या पिव्होटचं नाव त्यात दोनदा आलं तरी पुष्कळ. वय चौतीस. या खेळात त्या वयाला आकडे उतरणीला लागतात. सरावाने मिळालेलं रात्रीतून थोडं थोडं झिरपून जातं. त्याचा पगार मात्र संघात वरून तिसरा. कुठलाही हिशेबी व्यवस्थापक सांगेल की विकून टाक. माझ्या गटातल्या एका हंगेरियन व्यवस्थापकाने आपुलकीने तसा निरोपही पाठवला. त्या पैशात एकवीस वर्षांचा डावखुरा बॅक येईल, असं त्याचं म्हणणं. डावखुऱ्याची किंमत इथे खऱ्या हँडबॉलइतकीच असते. उजव्या बाजूच्या बॅकला आणि विंगला डाव्या हाताने फेकताना गोलचा कोन मोकळा मिळतो, आणि असे हात जगात कमी.

मी विकला नाही. त्याचं कारण एका सामन्यात सापडतं. तो दुखापतीने बाहेर होता आणि त्याच्या जागी मी वेगात आणि नेमात त्याच्याहून सरस असा तरुण घातला. दोन्ही बॅक तेच, त्यांचे आकडे तेच, ताकदही भरलेली. तरी अहवालात ओळीमागून ओळ येत गेली: फटका अडवला, फटका अडवला, चेंडू गमावला. तरुण पोराने चार गोल केले. आम्ही सात गोलांनी हरलो. त्या रात्री मी मागचे अहवाल काढून शेजारी शेजारी लावले. म्हातारा असताना त्याच दोन बॅकचे फटके बचावाच्या हातांवर क्वचितच आदळलेले होते. त्याच्या आकड्यांत मग लक्ष गेलं ते आक्रमकतेकडे, तंत्राकडे आणि वर्षानुवर्षं साचलेल्या अनुभवाकडे. हे तिन्ही आकडे गोलांच्या यादीत कुठेच दिसत नाहीत.

कबड्डीत हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. चढाईपटूचा घोटा धरणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, पण साखळीतल्या दुसऱ्याने अंग टाकून त्याची परतीची वाट बंद केलेली असते म्हणून ती पकड टिकते. जाणता प्रेक्षक दाद देतो ती त्या दुसऱ्याला. हँडबॉलला आपल्याकडे असा जाणता प्रेक्षक अजून जमायचा आहे. 2023 साली जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, पहिलंच विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकलं. मला फार आनंद झाला. नंतर ओळखीच्यांनी दाखवलेल्या चित्रफितींत मात्र हवेत झेपावणारे बॅक आणि जाळ्यात शिरणारे चेंडू, एवढंच होतं. त्यांच्या पायाशी कोण कुणाला रेटत होतं, तेवढं कापून टाकलेलं.

बचावाच्या मधल्या दोघांचं कामही असंच न दिसणारं. सहा-शून्य भिंत लावायची की एकाला पुढे काढून पाच-एक करायचं, की अधिक धाडस करून तीन-दोन-एक, हे मी दर सामन्याला प्रतिस्पर्ध्याचे बॅक पाहून ठरवते. पण कुठलीही रचना असो, मधला माणूस खंबीर नसेल तर कागदावरची रचना कागदावरच राहते. हँडबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, म्हणून मोठे संघ केवळ बचावासाठी माणूस बाळगतात. चेंडू मिळाला की तो पळत बाकावर जातो, गमावला की पळत परत येतो. साठ मिनिटं हेच. 2016 पासून तर गोलरक्षक बाहेर काढून सातवा मैदानी खेळाडू आत घेणं सोपं झालंय. तेव्हा समोरचे बचावपटू सहाच उरतात आणि मधल्यांवरचा भार आणखी वाढतो. अशा माणसाचा एकही गोल नसलेला मोसम मी पाहिला आहे आणि त्याला पगारवाढ दिली आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये ओस्लोजवळ झालेल्या अंतिम सामन्यात डेन्मार्कने क्रोएशियाला 32-26 असं हरवून पुरुषांचं विश्वविजेतेपद लागोपाठ चौथ्यांदा जिंकलं. मॅथियास गिडसेल हा त्यांचा डावखुरा उजवा बॅक त्या स्पर्धेत सर्वाधिक 74 गोल करून गेला. तो दिव्य खेळतो, त्यात वादच नाही. दोन बचावपटूंमधल्या ज्या फटीतून आपला हातही जाणार नाही असं वाटतं, तिथून तो अख्खा निघून जातो. पण डेन्मार्कचा सामना लावला की माझी नजर आता चेंडूवर ठरत नाही. ती त्यांच्या पिव्होटला, माग्नुस साउगस्ट्रुपला शोधते. गिडसेल धाव घेण्याच्या अर्धा क्षण आधी पिव्होट कुणाच्या अंगावर टेकतो, कुठला पाय रोवतो, बचावपटूचा हात कोपराने कसा दाबून ठेवतो, ते मी थांबवून, मागे घेऊन पुन्हा पाहते. ती फट कुणीतरी आधी केलेली असते. शाळेत मी अंगाच्या जोरावर, न कळता जे करत होते, ते जगातला सर्वोत्तम संघ इतक्या विचारपूर्वक करतो, हे पाहून मला अजूनही भरून येतं.

नसलेल्या माणसांत इतका जीव का गुंतवायचा, असं घरचे विचारतात. माझी ती पोरं खरी नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्यांच्याविषयी घ्यावा लागणारा निर्णय खरा असतो. रोज रात्री ठरवावं लागतं की मी कुणाच्या कशाची किंमत धरते. अहवाल एक सांगतो, बाजारभाव दुसरंच सांगतो, आणि या दोन्हींच्या विरोधात एका माणसाला संघात ठेवायचं तर त्याचं काम आपण नीट पाहिलेलं असावं लागतं. मन चांगलं असून भागत नाही. जुने अहवाल काढून बसावं लागतं, माणूस असताना आणि नसताना काय फरक पडला ते शोधावं लागतं. कामाची कदर करायची तर आधी एवढे कष्ट करावे लागतात, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

अकादमीतून यंदा सतरा वर्षांचा एक मुलगा आलाय. नेम बेताचा, वेग बेताचा, आक्रमकता आणि तंत्र मात्र त्याच्या वयाला न शोभेल इतकं चांगलं. बाजारात त्याला कुणी फारसं विचारणार नाही. म्हाताऱ्याचा करार मी आणखी एका मोसमासाठी वाढवला आहे. त्या मुलाच्या सरावात नेम सर्वांत खाली ठेवलाय. मोसम संपेपर्यंत शेवटची दहा-दहा मिनिटं तो रेषेवर उभा राहील, आणि अनुभवाचा आकडा रोज कणाकणाने वाढतो का, ते मी पाहत राहीन.