ससूनच्या आवारांत

पुणें स्टेशनावर उतरून थोडें चाललें, कीं ससून रुग्णालय लागतें. बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीनें उभारलेलें हें रुग्णालय १८६७ सालीं सुरू झालें. येथेंच १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं, येरवड्याच्या तुरुंगांतून आणलेल्या गांधीजींवर कर्नल मॅडॉक यांनीं आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. कैदी सरकारचा, शल्यवैद्यही सरकारचाच! मध्येंच वीज गेली, तेव्हां कंदिलाच्या उजेडांत तें काम तडीस गेलें.

पुण्यास आपण विद्येचें माहेरघर म्हणतों. खेड्यांतील गरिबास मात्र हें शहर पुष्कळदां प्रथम भेटतें तें ससूनच्या दारीं. गतवर्षीं वडील बंधूंच्या दुखण्यांत मी तेथें आठ दिवस काढले. एका सायंकाळीं आवारांतील झाडाखालीं जुन्नरकडील एका शेतकऱ्यानें आपली अर्धी भाकरी माझ्यापुढें केली. वर बंधूंना कोणा अज्ञाताचें रक्त चढत होतें; त्याचें गोत्र विचारण्याचें आम्हां कोणास सुचलें नव्हतें. भाकरी घेतांना मात्र माझा हात क्षणभर थबकला, हें वाचकांपाशीं कबूल करतों. जन्मभर मीं मुलांस विश्वबंधुत्वाचीं सुभाषितें शिकविलीं. त्यांचा अर्थ त्या भाकरीबरोबर पोटांत गेला.