लॉन नको, आळं हवं!

तुम्ही म्हणाल, कोकणात आणि पाणी वाचवणारी बाग? काहीतरीच काय! रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण एकदा मे महिन्यात आमच्या जयगडला या. खाली शास्त्री नदीची खाडी, पुढे समुद्र, जिकडे बघाल तिकडे पाणी. आणि पायाखाली तापलेला जांभा! हा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात पोटात घेतलेलं पाणी झरे-ओढ्यांतून समुद्राला देऊन मोकळा होतो. म्हणून जुलैत काठोकाठ भरलेल्या विहिरीचा एप्रिलात तळ दिसतो.

आई रिटायर झाली आणि कायमची जयगडला राहायला गेली. तिला दारात बाग हवी होती. दादाला आईला सरप्राइज द्यायचं होतं, म्हणजे लॉन! वीकेंड होमच्या जाहिरातीत असतं तसं, हिरवंगार. त्याने कोटेशनसुद्धा मागवलं.

मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. अंगण 1000 चौरस फूट, म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. कडक उन्हात लॉनला चौरस मीटरमागे रोज 5 लिटर धरले, तरी साडेचारशे लिटरच्या वर. आणि आमची विहीर शेजारच्या काकूंशी सामायिक. मेमध्ये पाण्याच्या पाळ्या लागतात. दादाला फोन केला, "तुझ्या लॉनला रोज 15 लिटरच्या 30 कळश्या लागतील. काकूंना काय सांगायचं, ते तूच ठरव." पलीकडे शांतता. मग म्हणाला, "बरं, मग काय करूया?"

अमेरिकेत डेन्व्हरच्या पाणीपुरवठा खात्याने 1981 मध्ये कमी पाण्याच्या बागेला एक नाव दिलं, 'झेरिस्केप'. सारखी तहान असलेली झाडं एकत्र लावा, माती झाकून ठेवा, लॉन कमीत कमी ठेवा. मी हे उत्साहाने काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगो, मग आम्ही इतकी वर्षं काय करतोय?"

खरंच की! त्यांच्याच सल्ल्याने बाग तीन भागांत आखली. न्हाणीच्या पाण्यावर केळी, अळू आणि एक माड. मधल्या पट्ट्यात जास्वंद आणि अबोली. प्रत्येकीला आळं, आळ्यात पाचोळा आणि नारळाची सोडणं, म्हणजे ओल टिकते. गडग्याच्या कडेला खुरचाफा, कोरांटी, करवंद. ही मंडळी एकदा रुजली की पाणी मागत नाहीत. खुरचाफा तर कोरड्या दिवसांत पानं गाळून स्वस्थ उभा राहतो. सगळी लागवड जूनमध्ये, म्हणजे पहिले चार महिने पाऊसच माळीकाम करतो. नव्या रोपांशेजारी साध्या भाजलेल्या मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली. ती भरून ठेवायची, पाणी हळूहळू मुळांशी पाझरतं.

उरला प्रश्न उन्हाळ्याचा. आमच्या छपरावर पावसाळ्यात दोन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. सगळं साठवणं परवडणार नाही आणि जांभ्यात मुरवलेलं मेपर्यंत थांबत नाही. म्हणून पन्हळीला जोडून 5000 लिटरची टाकी घेतली. न्हाणीचं पाणी वगळता बागेला रोज 50 लिटर लागतात, म्हणजे 100 दिवसांची सोय. फेब्रुवारी संपता संपता टाकी उघडायची, जूनच्या पावसापर्यंत पुरते. मोठा खर्च हाच, तो दादाने केला आणि लॉनच्या कोटेशनच्या निम्म्यात सुटला. रोपं, फांद्या बऱ्याचशा शेजारपाजाऱ्यांकडून आल्या.

मेमध्ये आमची बाग फोटोजेनिक वगैरे दिसत नाही, जरा मरगळते. आई म्हणते, "मरगळू दे गं, त्या उन्हात आपणही मरगळतोच." पण विहिरीवरच्या पाळ्यांत बागेचं नाव नसतं. काकूंच्या कळश्या काकूंच्याच राहतात आणि आईला शेजार टिकवायचा आहे, कारण आम्ही दोघंही मुंबईत.

तुमच्याही गावच्या घरासाठी लॉनचं कोटेशन आलंय? सही करण्याआधी एकदा विहिरीत डोकावून या. पण मे महिन्यात हं!